विज्ञानपटांतील सामाजिक भाष्य: पाहण्यापासून लिहिण्यापर्यंतचे टप्पे

एखादा विज्ञानपट, म्हणजे विज्ञानकथेवरचा चित्रपट, पाहून झाल्यावर त्यातील सामाजिक आशयाबद्दल गंभीरपणे काही लिहावे असे अनेकांना वाटते. प्रत्यक्ष लिहायला बसल्यावर मात्र बहुतेकांचा लेख दोन ठरावीक वाटांनी जातो. एक तर कथानक पहिल्यापासून शेवटपर्यंत सांगितले जाते, किंवा ‘हा चित्रपट मानवजातीला दिलेला इशारा आहे’ अशा वाक्यावर सगळे येऊन थांबते. अशा लेखातील चित्रपटाचे नाव बदलून दुसरे घातले तरी फारसे काही बिघडत नाही, आणि हीच त्याची मोठी उणीव असते. काही वर्षे असे लेखन करताना आणि इतरांचे मसुदे वाचताना माझी एक पद्धत बसत गेली. या क्षेत्रात नव्याने येणाऱ्यांचा वेळ वाचावा म्हणून ती येथे क्रमाने मांडतो.

या पद्धतीचा पाया असा आहे: विज्ञानपटातील सामाजिक भाष्य नायकाच्या भाषणात क्वचितच सापडते. चित्रपटकर्त्याने कल्पिलेल्या जगात काय बदलले आहे आणि काय जसेच्या तसे राहिले आहे, या दोहोंची सांगड घातली की ते दिसू लागते. त्यातही न बदललेला भाग अधिक बोलका असतो, कारण तो पुष्कळदा चित्रपटकर्त्याच्या नकळत तेथे राहिलेला असतो.

सुरुवात करण्यापूर्वी जवळ काय असावे

- चित्रपटाची अधिकृत प्रत, आणि ती किती मिनिटांची आहे याची नोंद.
- मूळ भाषेतील ध्वनी आणि उपशीर्षके. दुसऱ्या भाषेत डब केलेल्या प्रतीत पार्श्वभूमीचे आवाज, घोषणा आणि बोलण्याची ढब हरवते.
- वही, आणि दृश्य कोणत्या मिनिटाला आले ते टिपण्यासाठी समासात जागा.
- चित्रपट कादंबरीवर किंवा चित्रकथेवर आधारलेला असल्यास ती मूळ कृती, निदान तिचा तपशीलवार सारांश.
- निर्मितीच्या आधीच्या चार-पाच वर्षांतील महत्त्वाच्या घटनांची यादी, चित्रपट ज्या देशात घडला त्या देशापुरती.
- प्रदर्शनाच्या वेळी लिहिली गेलेली दोन-तीन परीक्षणे आणि दिग्दर्शकाची एखादी विस्तृत मुलाखत. ही मात्र नवव्या टप्प्यापर्यंत उघडू नका.

१. चित्रपट निवडा आणि त्याची कोणती आवृत्ती पाहता ते निश्चित करा

पहिल्या लेखासाठी फार मोठी मालिका किंवा अनेक भागांची गाथा घेऊ नका. स्वतंत्र, एका बैठकीत संपणारा आणि जगाची रचना स्पष्ट असणारा चित्रपट घ्यावा.

निवड झाल्यावर आवृत्तीचा प्रश्न येतो, आणि नवख्यांची पहिली फसगत येथेच होते. इशिरो होंडा यांचा १९५४चा जपानी राक्षसपट ‘गोजिरा’ (इंग्रजीत ‘गॉडझिला’) हा अणुचाचण्यांबद्दलचा अत्यंत गंभीर चित्रपट आहे. त्या वर्षी १ मार्चला अमेरिकेने बिकिनी बेटांवर हायड्रोजन बॉम्बची चाचणी केली, तिची किरणोत्सारी राख एका जपानी मासेमारी नौकेवरील २३ खलाशांवर पडली आणि सप्टेंबरमध्ये त्यांतील एकाचा मृत्यू झाला. चित्रपट नोव्हेंबरमध्ये प्रदर्शित झाला आणि त्याची सुरुवातच समुद्रात अचानक पेटणाऱ्या जहाजाने होते. जपानी प्रेक्षकाला आणखी काही सांगण्याची गरज नव्हती. १९५६ साली अमेरिकेत जी आवृत्ती दाखवली गेली तिच्यात एक अमेरिकन पत्रकार नव्याने घातला गेला आणि नागासाकीतून वाचलेल्या स्त्रीचा उल्लेख गळाला. अणुचाचण्या चालूच राहिल्या तर असा आणखी एखादा प्राणी येईल, हे वृद्ध शास्त्रज्ञाचे शेवटचे उद्गारही गळाले. दोन्ही चित्रपटांत राक्षस एकच आहे, पण राजकीय अर्थ एक नाही. ज्याने केवळ दुसरी आवृत्ती पाहिली आहे त्याला मूळ चित्रपटातील संतापाचा पत्ताच लागत नाही.

‘ब्लेड रनर’बाबतही हेच आहे. १९८२ साली चित्रपटगृहांत आलेल्या प्रतीत नायकाचे निवेदन आणि सुखान्त होता. १९९२ आणि २००७च्या आवृत्त्यांत दोन्ही नाहीत. ‘मेट्रोपोलिस’ १९२७ साली बर्लिनमध्ये सुमारे अडीच तासांचा म्हणून दाखवला गेला, नंतर त्याची बरीच काटछाट झाली, आणि २००८ साली ब्युनोस आयर्समध्ये जवळजवळ पूर्ण प्रत सापडल्यावर २०१०मध्ये तो पुन्हा मूळ रूपाच्या जवळ आला. म्हणजे त्यापूर्वीच्या कित्येक दशकांतील टीकालेख अपुऱ्या चित्रपटावर लिहिले गेले आहेत. लेखाच्या पहिल्या परिच्छेदातच आपण कोणती आवृत्ती पाहिली ते सांगून टाकावे.

२. पहिल्या वेळी केवळ प्रेक्षक म्हणून पाहा

वही बंद ठेवा. कोठे भीती वाटली, कोणाची बाजू घ्यावीशी वाटली आणि कोठे कंटाळा आला, एवढेच संपल्यावर लिहून ठेवा. पुढे विश्लेषण करताना आपल्या सहानुभूतीला चित्रपटाने कोठे वळवले हे तपासायचे असते, आणि त्यासाठी ही पहिली, कच्ची नोंद लागते.

३. मूळ बदल एका वाक्यात लिहा, मग न बदललेल्या गोष्टींची यादी करा

प्रत्येक चांगल्या विज्ञानपटात आपल्या जगापासून केलेला एक मुख्य फरक असतो आणि बाकीचे फरक त्यातून उगवतात. तो एका वाक्यात पकडता येईपर्यंत पुढे जाऊ नका. ‘चिल्ड्रन ऑफ मेन’मध्ये अठरा वर्षे पृथ्वीवर एकही मूल जन्मलेले नाही. ‘गॅटाका’मध्ये परवडेल ती कुटुंबे मुलांचे जनुक निवडून घेतात. वाक्य एवढेच लहान असावे. त्यात ‘आणि’ दोन-तीनदा येऊ लागले तर तुम्ही बदल आणि परिणाम यांची सरमिसळ केली आहे असे समजावे.

यानंतरचे काम अधिक कष्टाचे आहे. त्या जगात जे बदललेले नाही ते सावकाश नोंदवा. ‘गॅटाका’ १९९७ साली आला. अँड्र्यू निकोल यांनी त्याचे लेखन आणि दिग्दर्शन केले. त्यात माणसाच्या रक्ताचा एक थेंब त्याची जात ठरवतो, शनीच्या उपग्रहाकडे अंतराळयाने जातात, आणि तरीही इमारतीच्या काचा पुसणारी माणसे आहेत. हे काम यंत्रांकडे गेलेले नाही. ते ज्यांच्या जनुकांची निवड झाली नाही अशा माणसांकडे गेले आहे. नायक व्हिन्सेंट ही याने पाठवणाऱ्या संस्थेत आधी सफाई कामगार म्हणून शिरतो. म्हणजे नव्या विज्ञानाने जुनी श्रमविभागणी मोडली नाही, तिला नवे प्रमाणपत्र मिळवून दिले.

दुसरी न बदललेली गोष्ट कायद्याची आहे. या जगात जनुकांवरून भेदभाव करण्यास कायद्याने बंदी आहे, हे नायक स्वतःच एका वाक्यात सांगतो, आणि कायदा कोणी मनावर घेत नाही हेही सांगतो. नोकरीची मुलाखत म्हणजे लघवीची तपासणी असते; उमेदवाराने नमुना द्यायला नकार दिला तरी दाराच्या मुठीवरून, हस्तांदोलनातून किंवा अर्जावरील थुंकीतून तो मिळवता येतो. तिसरी गोष्ट विम्याची. लहानपणी व्हिन्सेंटला बालवाडीच्या दारातून परत पाठवले जाते, कारण तो पडला-झडला तर विमा भरपाई देणार नाही. त्याच्यावर अन्याय करणारा त्या दृश्यात कोणी दुष्ट माणूस नाही. अन्याय एका अर्जाच्या अटीतून होतो. अमेरिकेत २००८ साली जनुकीय माहितीवरून भेदभाव करण्यास बंदी घालणारा कायदा झाला, तो नोकरी आणि आरोग्य विमा यांना लागू आहे, आयुर्विम्याला नाही, हे कळल्यावर चित्रपटातील ती दोन मिनिटे वेगळी दिसतात.

चौथी गोष्ट मी मुद्दाम शेवटी ठेवतो, कारण ती चित्रपटाच्या विरुद्ध जाते. आता माणसाची पायरी त्याच्या त्वचेच्या रंगावरून ठरत नाही असे निवेदन सांगते, आणि वंशभेदाचा इतिहास त्या एका वाक्यात मिटवला जातो. तो कसा संपला, कोणी संपवला, याबद्दल चित्रपट गप्प आहे. अशा गप्प जागा आपल्या यादीत खुणेने दाखवाव्यात.

४. काम कोण करतो, पैसा कोणाकडून येतो आणि दार कोणासाठी उघडते ते विचारा

दुसऱ्यांदा पाहताना हे तीन प्रश्न वहीत वर लिहून घ्या. तंत्रज्ञान कसे चालते यापेक्षा ते कोणाच्या मालकीचे आहे हा प्रश्न अधिक फळ देतो.

रिडली स्कॉट यांचा १९७९चा ‘एलियन’ हा भयपट म्हणून ओळखला जातो, परंतु त्याच्या सुरुवातीला जेवणाच्या टेबलावर चाललेली चर्चा बोनसची आहे. यान मालवाहू आहे, माणसे सात आहेत, आणि यंत्रखोलीत राबणाऱ्या दोघांना आपल्याला इतरांपेक्षा कमी वाटा मिळतो याची खंत आहे. अनोळखी संकेताची तपासणी केली नाही तर करारानुसार पैसेच मिळणार नाहीत, या अटीमुळे ते संकटात ओढले जातात. पुढे उघड होते की तो प्राणी परत आणणे हे कंपनीचे पहिले उद्दिष्ट आहे आणि त्यासाठी माणसे गेली तरी चालतील. प्राणी मारतो हे खरे, पण तेथे त्यांना नेले करारपत्राने.

‘रोबोकॉप’मध्ये डेट्रॉइटचे पोलीसदल एका कंपनीच्या ताब्यात आहे आणि मेलेल्या पोलिसाचे शरीर कंपनीची मालमत्ता ठरते. त्यापासून बनवलेल्या यंत्रपोलिसाच्या मेंदूत एक गुप्त कलम घातलेले आहे: कंपनीच्या वरिष्ठ अधिकाऱ्याला अटक करता येणार नाही. खासगी हातात गेलेल्या कायद्याबद्दल दहा पाने लिहूनही जे सांगता येणार नाही ते या एका कलमात आले आहे. असे एखादे कलम, सही, तिकीट, ओळखपत्र किंवा पगाराची चिठ्ठी प्रत्येक चित्रपटात शोधा. भाष्य बहुधा अशा क्षुल्लक वाटणाऱ्या कागदांवर उतरलेले असते.

अॅलेक्स रिव्हेरा यांचा २००८चा ‘स्लीप डीलर’ या टप्प्यासाठी मी नेहमी सुचवतो. त्याला प्रसिद्धी कमी मिळाली, पण कल्पना विलक्षण आहे. मेक्सिकोतील कामगार सीमा ओलांडत नाहीत; शरीरात खुपसलेल्या जोडण्यांमधून ते तिहुआनात उभे राहून सीमेपलीकडची यंत्रे चालवतात. अमेरिकेला श्रम मिळतात आणि श्रमिक दारापाशी येत नाही. नायकाच्या गावाची नदी धरणाने अडवलेली आहे आणि पाणी विकत घ्यावे लागते; वडील ड्रोनहल्ल्यात मारले गेल्यावर तो शहरात येतो. स्थलांतर, पाणी आणि श्रम यांची गाठ इतक्या स्पष्टपणे दाखवणारे चित्रपट थोडे आहेत.

जागेच्या मांडणीकडेही पाहा. ‘मेट्रोपोलिस’मध्ये वर्ग उभे रचलेले आहेत: कामगार जमिनीखाली, मालक उंच मनोऱ्यात. बाँग जून-हो यांच्या २०१३च्या ‘स्नोपियर्सर’मध्ये तीच उतरंड आगगाडीत आडवी पसरली आहे. आडव्या मांडणीमुळे बंडाला दिशा मिळते, कारण प्रत्येक डबा ओलांडताना आपण पुढच्या वर्गाचे जगणे पाहतो, शाळा पाहतो, आणि शेवटी इंजिनात सुट्या भागाच्या जागी लहान मूल बसवलेले पाहतो. मांडणी बदलल्याने प्रश्न कसा बदलला, याबद्दल एक परिच्छेद लिहून पाहावा; नवख्याला तो उत्तम सराव ठरतो.

५. पार्श्वभूमी स्वतंत्रपणे पाहा

तिसऱ्या वेळी मुख्य पात्रांकडे पाहू नका. भिंतीवरचे फलक, बातम्या, गर्दीतील कपडे, ध्वनिक्षेपकावरच्या सूचना यांच्याकडे पाहा. अल्फोन्सो क्वारोन यांच्या २००६च्या ‘चिल्ड्रन ऑफ मेन’मध्ये हे काम अनिवार्य आहे. नायक रेल्वे स्थानकातून चालतो आणि बाजूला पिंजऱ्यांत कोंडलेले निर्वासित दिसतात. तो थांबत नाही, कॅमेरा मात्र क्षणभर रेंगाळतो. पुढे निर्वासितांच्या छावणीत शिरणाऱ्या बसच्या खिडकीतून डोक्यावर पिशवी चढवलेला, हात पसरलेला एक कैदी दिसतो. इराकमधील अबू घ्रैब तुरुंगात अमेरिकन सैनिकांनी केलेल्या कैद्यांच्या छळाची छायाचित्रे २००४ साली जगासमोर आली होती, आणि ती आकृती ओळखायला तेव्हाच्या प्रेक्षकाला एक क्षण पुरेसा होता. त्या छायाचित्रांबद्दल संवादांत एक अक्षर नाही.

आधारभूत कादंबरीशी तुलना येथे उपयोगी पडते. पी. डी. जेम्स यांच्या १९९२च्या कादंबरीत गर्भवती स्त्री ब्रिटिश आहे. चित्रपटात ती आफ्रिकन निर्वासित तरुणी आहे. ज्यांना देश हाकलून देतो आहे त्यांच्याच पोटी देशाचे भविष्य आहे, हे चित्रपटाचे मध्यवर्ती विधान त्या एका बदलातून आले.

६. कथेचे साल बाजूला ठेवा, निर्मितीचे साल हाती घ्या

या विषयावरील लेखांत सर्वाधिक वेळ वाया जातो तो भाकिते पडताळण्यात. १९७३चा ‘सॉयलंट ग्रीन’ २०२२ साली घडतो आणि त्यातील न्यूयॉर्कची लोकसंख्या चार कोटी आहे. ते भाकीत चुकले, हे सांगून वाचकाच्या हाती काही लागत नाही. लोकसंख्यावाढ आणि प्रदूषण यांची भीती त्या वर्षांतील अमेरिकेत किती खोल होती, आणि त्या भीतीच्या आडून चित्रपट स्त्रियांबद्दल काय सांगतो, हे विचारावे. श्रीमंतांच्या सदनिकांबरोबर तेथे तरुण स्त्रियाही भाड्याने मिळतात आणि त्यांना ‘फर्निचर’ म्हटले जाते. चित्रपटाचा निषेध माणसांपासून बनवलेल्या अन्नाबद्दल मोठ्या आवाजात आहे. या व्यवस्थेबद्दल तो कितपत आहे, हा वादाचा आणि म्हणून लिहिण्याजोगा मुद्दा आहे.

निर्मितीचा काळ हाती घेतानाही एक सावधगिरी हवी. डॉन सीगल यांचा १९५६चा ‘इन्व्हेजन ऑफ द बॉडी स्नॅचर्स’ घ्या. एका छोट्या गावात माणसांच्या जागी हुबेहूब, पण भावनाशून्य प्रतिकृती येऊ लागतात. कोणी त्यात साम्यवादाची भीती वाचली, तर कोणी अमेरिकेत तेव्हा चाललेल्या साम्यवाद्यांच्या शोधमोहिमेने लादलेला एकसुरीपणा. दोन्ही वाचनांना चित्रपटात आधार आहे. त्यांतील एक निवडून दुसरे चूक ठरवण्याचा आग्रह धरू नका. शेजारी आतून बदलला आहे ही भीती दोन्ही बाजूंना एकाच वेळी वापरता आली, हीच त्या दशकाबद्दलची माहिती आहे.

७. रूपक कोठपर्यंत टिकते ते तपासा

माझ्या मते चांगला लेख आणि सामान्य लेख येथे वेगळे होतात. सामान्य लेख म्हणतो, परग्रहवासी म्हणजे अमुक समाज. चांगला लेख हे समीकरण मांडतो आणि मग ते कोठे मोडते ते दाखवतो.

नील ब्लोमकॅम्प यांचा २००९चा ‘डिस्ट्रिक्ट ९’ या तपासणीसाठी अतिशय योग्य आहे. जोहान्सबर्गवर एक अवाढव्य यान येऊन थांबते, त्यातील उपाशी परग्रहवासीयांना झोपडपट्टीत ठेवले जाते, आणि सुमारे अठ्ठावीस वर्षांनी एक खासगी कंपनी त्यांना शहराबाहेरच्या छावणीत हलवायला निघते. शीर्षक केपटाऊनमधील ‘डिस्ट्रिक्ट सिक्स’ची आठवण करून देते. तो भाग १९६६ साली केवळ गोऱ्यांसाठी जाहीर झाला आणि पुढील वर्षांत तेथून साठ हजारांहून अधिक लोकांना हुसकावण्यात आले. इथवर समीकरण सरळ आहे: परग्रहवासी म्हणजे वर्णभेदाचे बळी.

आता ते ताणून पाहा. वर्णभेदाच्या काळातील कृष्णवर्णीय दक्षिण आफ्रिकन बाहेरून आलेले नव्हते. चित्रपटातील परग्रहवासी आलेले आहेत. त्यांना हाकलण्याची मागणी करणाऱ्यांत कृष्णवर्णीय नागरिकही आहेत. म्हणजे रूपक वर्णभेदापासून सरकून परदेशी स्थलांतरितांच्या द्वेषाकडे जाते. ते तसे सरकणे अपघाताने झालेले नाही. याच दिग्दर्शकाच्या आधीच्या लघुपटात रस्त्यावरील खऱ्या माणसांना झिंबाब्वे आणि नायजेरियातून आलेल्या लोकांबद्दल विचारले गेले होते आणि ती उत्तरे परग्रहवासीयांबद्दलची म्हणून वापरली होती. मे २००८मध्ये दक्षिण आफ्रिकेत स्थलांतरितांविरुद्ध दंगली उसळल्या आणि साठांहून अधिक माणसे मारली गेली. ज्या देशाने वर्णभेद संपवला त्याच देशात दुसऱ्या कोणाला तरी हुसकावण्याची भाषा पुन्हा आली, ही चित्रपटाची खरी जखम आहे.

आणखी एक पायरी खाली उतरा. स्थलांतरितांच्या द्वेषावर बोट ठेवणाऱ्या या चित्रपटात नायजेरियन पात्रे आहेत, आणि ती टोळीवाले, शस्त्रांचे दलाल आणि जादूटोण्यासाठी परग्रहवासीयांचे मांस खाणारे म्हणून दाखवली आहेत. टोळीप्रमुखाचे नाव नायजेरियाच्या माजी राष्ट्राध्यक्षांच्या नावाशी विलक्षण जुळते. २००९ साली नायजेरियाच्या माहितीमंत्र्यांनी चित्रपटगृहांना हा चित्रपट दाखवणे थांबवण्यास सांगितले. म्हणजे कल्पित परक्यासाठी चित्रपटाने जी करुणा मिळवली ती खऱ्या परक्यापर्यंत पोचली नाही. हे लिहिताना चित्रपट फसला असा निवाडा देण्याची घाई करू नका, आणि प्रेमापोटी हा भाग झाकूही नका. दोन्ही गोष्टी एकाच कृतीत कशा राहतात ते दाखवणे हे समीक्षेचे काम आहे.

शेवटी दुसऱ्या टप्प्यातील कच्ची नोंद काढून पाहा. परग्रहवासीयांबद्दल तुम्हाला सहानुभूती केव्हा वाटू लागली? बहुतेकांच्या वहीत हे उत्तर मिळते की त्यांना हलवण्याच्या कामावरचा गोरा अधिकारी स्वतः त्यांच्यासारखा होऊ लागल्यावर. पीडिताच्या दुःखाला बळकट साक्षीदार म्हणून आपल्यातलाच माणूस लागावा, ही सवय केवळ या चित्रपटाची नाही.

८. शेवट वेगळा काढून तपासा

शेवटी व्यवस्था बदलली की फक्त एक माणूस सुटला? ‘गॅटाका’चा नायक यानातून निघून जातो आणि रक्ततपासणीची यंत्रे दारावर तशीच राहतात. ‘मेट्रोपोलिस’च्या अखेरीस मालकाचा मुलगा मध्यस्थ होऊन मालक आणि मुकादम यांचे हात जुळवतो, पण कामाचे तास, मजुरी, जमिनीखालची घरे यांबद्दल काही ठरत नाही. दिग्दर्शक फ्रिट्झ लांग यांनी पुढे या शेवटाबद्दल स्वतःच नापसंती व्यक्त केली.

शेवट कोणी ठरवला हेही पाहावे. ‘बॉडी स्नॅचर्स’ला प्रारंभी आणि अखेरीस जोडलेली चौकट, ज्यामुळे अधिकाऱ्यांना शेवटी खरे काय ते पटते आणि मदत धावून येण्याची आशा निर्माण होते, ती निर्मितीसंस्थेच्या आग्रहाने आली. ती वगळून पाहिले तर नायक महामार्गावर ओरडत राहतो आणि कोणी ऐकत नाही. शेवट भाष्याशी विसंगत वाटला तर आधी निर्मितीचा इतिहास वाचा, मगच दिग्दर्शकाला जबाबदार धरा.

९. आता इतरांचे वाचा. दिग्दर्शकाचे म्हणणे पुरावा माना, निकाल मानू नका

आपल्या नोंदी पूर्ण झाल्यावरच परीक्षणे आणि मुलाखती उघडाव्यात. आधी उघडल्या तर डोळे त्यांचेच होतात.

पॉल व्हरहूवन यांचा १९९७चा ‘स्टारशिप ट्रूपर्स’ लष्करशाहीची टिंगल करण्यासाठी काढला गेला. नाझींच्या ताब्यातील नेदरलँड्समध्ये बालपण गेलेल्या दिग्दर्शकाने गणवेश आणि प्रचारचित्रफिती जाणीवपूर्वक तशा घडवल्या. तरीही प्रदर्शनाच्या वेळी काही समीक्षकांनी तो लष्करशाहीचा गौरव म्हणूनच वाचला. जॉन कार्पेंटर यांच्या १९८८च्या ‘दे लिव्ह’मध्ये विशिष्ट चष्मा घातला की जाहिरातींमागचे हुकूम आणि सत्ताधाऱ्यांचे खरे चेहरे दिसतात. तो बेलगाम भांडवलशाहीवरचा चित्रपट असताना ज्यूद्वेष्ट्या गटांनी तो आपल्या प्रचारासाठी वापरला, आणि २०१७ साली दिग्दर्शकाला जाहीरपणे ते नाकारावे लागले. अशा वेळी दिग्दर्शकाचा हेतू सांगा, पण चित्रपटातील कोणत्या रचनेमुळे तो अर्थ निघू शकला हेही विचारा. छुपे शत्रू शेजाऱ्याच्या रूपात वावरतात ही कल्पना सत्तेविरुद्ध वापरता येते, तशी दुर्बलांविरुद्धही वापरता येते.

विरोधी मत एक तरी वाचलेच पाहिजे. अमेरिकन लेखिका सुझन सोंटॅग यांनी १९६५च्या आपल्या प्रसिद्ध निबंधात असे म्हटले की त्या काळच्या विज्ञानपटांत सामाजिक टीका मुळीच नाही; ते विध्वंसाचे सौंदर्य दाखवून भीतीची सवय लावतात. मला हे मत पूर्ण मान्य नाही, ‘गोजिरा’ त्याला पुरून उरतो असे मला वाटते. परंतु आपल्या प्रत्येक दाव्यापुढे ते उभे करून पाहिले की कोणता दावा पोकळ आहे ते लगेच कळते.

१०. लेख लिहा

सर्वांत आधी मध्यवर्ती विधान लिहा. ‘गॅटाका जनुकीय भेदभावावर टीका करतो’ हे विधान नाही; ते कोणीही नाकारणार नाही. ‘गॅटाकामध्ये भेदभाव कायद्याने बंद आहे आणि तरीही चालू आहे, म्हणून त्याची टीका विज्ञानापेक्षा नोकरभरतीच्या पद्धतीवर अधिक आहे’ हे विधान आहे, कारण त्याला पुरावा लागतो आणि त्याच्याशी वाद घालता येतो.

कथानकाला एक परिच्छेद द्या, अधिक नको. त्यानंतर तीन किंवा चार दृश्ये घ्या आणि प्रत्येक दृश्यात काय दिसते, काय ऐकू येते आणि त्यावरून काय ठरते ते सांगा. दृश्याचे वर्णन अचूक असावे. आठवणीवर विसंबून लिहिलेले दृश्य पुष्कळदा चित्रपटात नसतेच, म्हणून समासातील मिनिटे पाहून ते पुन्हा तपासावे. तिसऱ्या टप्प्यातील गप्प जागांपैकी निदान एक लेखात आलीच पाहिजे. शेवट उघड करणार असाल तर वाचकाला पहिल्याच परिच्छेदात तसे कळवावे.

भाषेबाबत दोन सूचना. ‘समाजाला आरसा दाखवतो’, ‘विचार करायला भाग पाडतो’ अशी वाक्ये मसुद्यातून काढून टाका आणि त्यांच्या जागी कोणता समाज, कोणता विचार ते लिहा. चित्रपटातील अत्याचारितांसाठी चित्रपटातीलच हिणवणारा शब्द वापरावा लागला तर तो अवतरणचिन्हांत ठेवा, आपल्या वाक्यात मिसळू देऊ नका.

लेख पाठवण्यापूर्वी दिग्दर्शकांची नावे, प्रदर्शनाचे साल आणि आवृत्ती यांची पुन्हा खातरजमा करा. छायाचित्र वापरणार असाल तर त्याच्या वापराची परवानगी आणि श्रेय तपासा. मग ज्याने तो चित्रपट पाहिलेला नाही अशा एका व्यक्तीला मसुदा वाचायला द्या. त्या जगात राबते कोण आणि त्याचा लाभ कोणाला होतो, हे त्या व्यक्तीला केवळ तुमच्या लेखावरून सांगता आले नाही, तर चौथ्या टप्प्यातील नोंदी काढून तो भाग नव्याने लिहा.